फूटप्रिंट (पीसीबी आरेखन)

इलेक्ट्रॉनिक घटक सर्किट बोर्डावर, म्हणजे पीसीबीवर, जिथे बसतो आणि सोल्डरने जोडला जातो, त्या जागेच्या सॉफ्टवेअरमधील आराखड्याला फूटप्रिंट म्हणतात. घटकाचे पाय ज्या तांब्याच्या तुकड्यांवर टेकतात ते पॅड, पाय आरपार जाणार असतील तर त्यांची छिद्रे, सोल्डर मास्कमधील (तांबे झाकणाऱ्या संरक्षक थरातील) उघडी जागा, सोल्डर पेस्ट (सोल्डरचा लगदा) लावण्याच्या छिद्रांच्या पत्र्यातील, म्हणजे स्टेन्सिलमधील, खिडक्या, सिल्कस्क्रीनच्या (बोर्डावर छापलेल्या) रेघा आणि भोवतीची राखीव हद्द, म्हणजे कोर्टयार्ड, हे सारे त्यात येते.

सर्किटच्या आकृतीतील चिन्ह घटकाचे काम दाखवते, फूटप्रिंट त्याचे शरीर दाखवते. या दोहोंना बांधणारा धागा एकच, तो म्हणजे पायांचा क्रमांक. चिन्हातील ३ क्रमांकाचे टोक फूटप्रिंटमधील ३ क्रमांकाच्या पॅडला जोडले जाते. ते पॅड योग्य ठिकाणी आहे की नाही, हे सॉफ्टवेअरला कळण्याचा मार्ग नाही. आरेखन-नियमांची तपासणी, म्हणजे डीआरसी, दोन ट्रॅकमधील (तांब्याच्या वाटांमधील) अंतर मोजते, राहून गेलेली जोडणी दाखवते, पण फूटप्रिंटवर ती पूर्ण विश्वास टाकते. त्यामुळे एकही चूक न दाखवता पार पडलेला बोर्ड कारखान्यातून येतो आणि आयसी (एकात्मिक सर्किटची चिप) त्यावर बसतच नाही, असे घडू शकते. बोर्ड आरेखनात माणसाने स्वतः मोजून खात्री करण्याचे काम सर्वांत जास्त इथेच आहे.

ट्रान्झिस्टरचे उदाहरण बोलके आहे. बीसी५४७ आणि २एन३९०४ हे दोन्ही टीओ-९२ या एकाच आकाराच्या प्लॅस्टिक आवरणात मिळतात. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. पॅडांची जागा, छिद्रे, बाह्यरेषा सगळे तेच, तरी एकाच्या जागी दुसरा लावला की सर्किट बिघडते. दुसरी नेहमीची चूक आरशातील प्रतिमेची. कनेक्टर, रिले यांच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, आकृती पुष्कळदा खालच्या बाजूने पाहिलेली असते, आणि ती वरून पाहिलेली समजून काढली की डावे-उजवे उलटते. आरपार पायांचा घटक अशा वेळी बोर्डाच्या मागून तरी लावता येतो. पृष्ठभागावर बसणाऱ्या आयसीला बहुतेक वेळा तोही उपाय नसतो. म्हणून आकृतीशेजारी ‘टॉप व्ह्यू’ लिहिले आहे की ‘बॉटम व्ह्यू’, हे आकडे वाचण्याआधी पाहावे.

नावांतही सापळा आहे. ०६०३ हा रेझिस्टर इंचांच्या पद्धतीने १.६ × ०.८ मिमी असतो, त्याचे मेट्रिक नाव १६०८. मेट्रिक ०६०३ मात्र केवळ ०.६ × ०.३ मिमी, म्हणजे इंचांतील ०२०१. किकॅड या बोर्ड आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत नावातच दोन्ही संकेत लिहितात. ही सवय प्रत्येकाने उचलावी.

पॅड पायाएवढेच काढून भागत नाही. पायाच्या टोकापुढे, टाचेमागे (घटकाच्या शरीराकडील बाजूला) आणि बाजूंना सोल्डरची कड चढायला जागा लागते. ती किती ठेवावी, याचे गणित आयपीसी या उद्योगसंघटनेच्या आयपीसी-७३५१ मानकात आहे. २००५ साली आलेल्या या मानकाची ‘बी’ आवृत्ती २०१० ची. त्यात दाटीनुसार तीन पातळ्या आहेत. एसओआयसीसारख्या, पंखाच्या आकाराचे पाय असलेल्या आयसीला मधल्या पातळीवर टोकापुढे ०.३५ मिमी, टाचेकडे ०.३५ मिमी आणि बाजूला ०.०३ मिमी धरतात. त्यात घटकाच्या मापातील, बोर्डाच्या निर्मितीतील आणि मशीनने घटक ठेवण्यातील फरक मिळवतात. कोर्टयार्ड मधल्या पातळीवर सभोवती ०.२५ मिमी. आरपार पायांना मधल्या पातळीवर छिद्र पायाच्या कमाल जाडीहून ०.२ मिमी मोठे धरतात. चौकोनी पायाची जाडी म्हणजे त्याचा कर्ण, बाजू नव्हे. पिन हेडर (पिनांची रांग असलेला कनेक्टर) छिद्रात न शिरण्याचे कारण अनेकदा हेच असते.

छोट्या रेझिस्टर-कपॅसिटरची दोन्ही पॅड सारखी हवीत. एकाला तांब्याचा रुंद पट्टा थेट जोडलेला असला, तर तिथे उष्णता पसरते, दुसऱ्या टोकाचे सोल्डर आधी वितळते आणि घटक त्या टोकावर उभा राहतो. याला टूम्बस्टोनिंग म्हणतात. क्यूएफएन, म्हणजे बाहेर पाय न काढलेल्या चपट्या, आयसीच्या पोटाखालच्या मोठ्या पॅडची अडचण वेगळी. त्याच्या पूर्ण क्षेत्रावर पेस्ट लावली तर आयसी वितळलेल्या सोल्डरवर तरंगते आणि कडेचे पाय नीट जोडले जात नाहीत. म्हणून पेस्टची खिडकी लहान लहान चौकोनांत विभागून साधारण ५० ते ८० टक्के क्षेत्रच झाकतात.

हे काम शिकायला किकॅड उत्तम. ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केलेल्या या मुक्त सॉफ्टवेअरच्या विकासात २०१३ पासून सर्न ही संशोधनसंस्थाही सहभागी झाली. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातील ईसिम हे सर्किट-आरेखनाचे साधनही किकॅडचा आधार घेते. किकॅडमध्ये प्रत्येक फूटप्रिंटची स्वतंत्र मजकूर-फाइल असते. आरपार घटकाचा मूळबिंदू १ क्रमांकाच्या पॅडवर आणि पृष्ठभागावरच्या घटकाचा मध्यावर ठेवण्याची तिथली रीत आहे. घटक ठेवणाऱ्या मशीनला मध्यबिंदूच लागतो, त्यामुळे ही रीत मोडू नये.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ घेतलेल्या सुट्या स्विचची डेटाशीट सहसा हाती येत नाही. तेव्हा व्हर्निअर कॅलिपर घ्यावा. शेजारच्या दोन पायांमधले अंतर मोजण्यापेक्षा पहिल्यापासून शेवटच्या पायापर्यंत मोजून त्याला मधल्या अंतरांच्या संख्येने भागावे, म्हणजे चूक विभागली जाते. आलेला आकडा २.५ च्या आसपास असेल तर तो २.५० आहे की २.५४, याचा निकाल लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोन पायांत तो फरक लपतो; वीस पायांच्या कनेक्टरमध्ये तो पाऊण मिलिमीटर होतो. फूटप्रिंट पूर्ण झाल्यावर तो मूळ मापात, शंभर टक्क्यांवर कागदावर छापावा, छापलेले अंतर पट्टीने पडताळावे आणि खरा घटक त्यावर ठेवून पाहावा. आरपार पाय असतील तर कागद थर्मोकोलवर ठेवून ते टोचून पाहावेत. बोर्ड कारखान्यात पाठवण्यापूर्वीची ही शेवटची स्वस्त तपासणी.