जुडगा न उघडता सळ्या मोजताना

फिनलंडमध्ये ओल्किलुओटो बेटाखाली, 400 मीटरहून अधिक खोल खडकात, वापरून झालेले अणुइंधन कायमचे पुरण्यासाठी ओन्कालो नावाचे भूमिगत भांडार खोदण्यात आले आहे. इंधनाच्या सळ्यांचे जुडगे तांब्याच्या कुपीत बंद करायचे, भोवती बेंटोनाइट माती ठासायची आणि बोगदे भरून टाकायचे, अशी तिथली योजना आहे. एकदा ते झाले की आत खरोखर काय आहे हे पुन्हा तपासणे जवळजवळ अशक्य होईल. वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम असते, आणि ते वेगळे काढले तर शस्त्रासाठी वापरता येते. त्यामुळे कुपी बंद होण्यापूर्वी प्रत्येक जुडग्यातली प्रत्येक सळी जागेवर असल्याची खात्री करून घेणे ही मला या साऱ्या कामातली सर्वांत मोलाची पायरी वाटते.

अडचण अशी की जुडगा प्रखर किरणोत्सारी असल्याने तो पाण्याच्या टाकीतच ठेवावा लागतो आणि सळ्या सोडवून मोजत बसणे व्यवहार्य नसते. पाण्यात दिसणारी चेरेन्कोव्ह प्रारणाची निळसर प्रभा वरून पाहून निरीक्षक बराच अंदाज बांधतात, पण एखादीच सळी काढून तिथे बनावट सळी बसवली असेल तर ती या पद्धतीने ओळखणे कठीण असते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 2017 मध्ये तपासणीसाठी मान्य केलेले गॅमा टोमोग्राफीचे उपकरण नेमके इथे कामी येते. पाण्याखाली ठेवलेल्या या कड्यासारख्या उपकरणाच्या मधल्या पोकळीत जुडगा उतरवतात आणि आतले संसूचक, म्हणजे किरण टिपणारी साधने, त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारतात. टंगस्टनच्या अरुंद फटींमधून ठरावीक दिशेचेच किरण त्यांच्यापर्यंत पोहोचतात, आणि सर्व कोनांतल्या नोंदींवरून संगणक जुडग्याच्या आडव्या छेदाचे चित्र रचतो. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनमध्ये किरण बाहेरून सोडतात. इथे मात्र ते इंधनातूनच येतात.

खरी कसोटी मधल्या सळ्यांची असते, कारण युरेनियम स्वतःच गॅमा किरण अडवते. वापरलेल्या इंधनातल्या सीझियम-137 चे 662 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण सुमारे अर्धा सेंटीमीटर इंधनातून जाताना निम्मे होतात, पुढच्या अर्ध्या सेंटीमीटरला उरलेल्यांचे पुन्हा निम्मे, आणि असे करत मध्यभागाची हाक कडेपर्यंत येताना अगदी क्षीण होते. युरोपियम-154 चे 1274 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण अधिक भेदक असतात, पण त्याचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, साडेआठ वर्षांच्या आसपास असल्याने जुन्या इंधनात ते फारसे उरत नाही. सीझियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे 30 वर्षे आहे. म्हणून फिनलंडमधल्या संशोधकांनी किरण कुठून निघतात आणि वाटेत किती अडतात, या दोन्हींचे गणित एकत्र सोडवण्यावर भर दिला.

फिनलंडमधल्याच लोविसा येथील अणुभट्ट्यांचा जुडगा षट्कोनी असतो. त्यात जेमतेम 9 मिलिमीटर जाडीच्या 126 सळ्या असतात आणि ऐन मध्यभागी इंधन नसलेली एक नळी. त्यामुळे चित्र नीट जुळले की उजळ ठिपक्यांच्या मधोमध एक काळा ठिपका दिसायलाच हवा. तसाच काळा ठिपका दुसऱ्या एखाद्या जागी दिसला, तर तो जुडगा कुपीत जाण्याआधी थांबवावा लागतो.