युवराजांच्या १८७५-७६ च्या हिंदुस्थान दौऱ्यातील जलरंग रेखाटने : पार्श्वभूमी

राजदौऱ्यात चित्रकार सोबत नेण्याची प्रथा युरोपातील राजघराण्यांत जुनी होती. प्रिन्स ऑफ वेल्स आल्बर्ट एडवर्ड ८ नोव्हेंबर १८७५ रोजी मुंबईस उतरले, तोवर तिला सचित्र साप्ताहिकांची जोड मिळाली होती. युवराजांच्या लवाजम्यातील चित्रकारही अशाच एका साप्ताहिकात नाव मिळवून आलेला होता. काच ओली असतानाच छायाचित्र घेण्याच्या तेव्हाच्या फोटोग्राफीला चालती मिरवणूक पकडता येत नसे आणि रंग तर मुळीच नाही, म्हणून झटपट जलरंगाला पर्याय नव्हता. साप्ताहिकासाठी पाठवलेले रेखाटन मात्र लंडनला लाकडी ठोकळ्यावर कोरले जाई. तेथे रंग गळून पडे आणि चेहरे कोरणाऱ्याच्या हातचे होत, त्यामुळे छापील चित्रापेक्षा मूळ कागद अधिक विश्वासार्ह आहे.

त्या कागदावर कोण कोठे बसलेला दिसतो, हे समजण्यासाठी दौऱ्यापूर्वीचा एक निर्णय पाहावा लागतो. हिंदुस्थानात राणी व्हिक्टोरियाचा प्रतिनिधी व्हाइसरॉय होता. युवराज थोरले पुत्र आणि वारस असले, तरी त्यांना व्हाइसरॉयच्या वरचा मान दिल्यास राज्यकारभाराचा अधिकार कोणाकडे, असा प्रश्न संस्थानिकांपुढे उभा राहिला असता. म्हणून युवराज व्हाइसरॉयचे पाहुणे म्हणून येतील असे ठरले. संस्थानिकांच्या तोफांच्या सलामीपासून भेटीच्या दालनातील जागेपर्यंतची प्रतवारी आधीपासूनच आखलेली होती. रेखाटनातील रेषा सैल असल्या तरी प्रसंग सैल नव्हता, आणि हा भेद लक्षात न घेता या चित्रांना निव्वळ प्रवासाची टिपणे मानणे भाबडेपणाचे आहे.

खर्चावरही वाद झाला. ब्रिटिश संसदेने युवराजांच्या वैयक्तिक खर्चासाठी ६०,००० पौंड मंजूर केले आणि त्याखेरीज ३०,००० पौंडांचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला. पाहुणा ज्यांनी बोलावला नाही त्यांनी पाहुणचार का सोसावा, हा आक्षेप संसदेतच एका सभासदाने घेतला, पण तो टिकला नाही. १८७५ च्याच मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्यास सावकारांविरुद्ध दंगे उसळले होते, आणि युवराज परतल्यानंतरच्या १८७६ च्या अपुऱ्या पावसाने दख्खनला दुष्काळात लोटले.

बडोद्याचा मुक्काम याच चौकटीत पाहावा. रेसिडेंटवर, म्हणजे संस्थानातील ब्रिटिश प्रतिनिधीवर, महाराजांनी विषप्रयोग केल्याच्या आरोपाच्या चौकशीत आयोगाचे सभासद दुभंगले, तरीही एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना पदच्युत करण्यात आले. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून आणलेला, मे महिन्यात दत्तक घेतलेला बारा वर्षांचा मुलगा गादीवर बसला, आणि नोव्हेंबरात त्याच्याच दरबाराने युवराजांचे स्वागत केले. सरकारच्या दृष्टीने हा समारंभ म्हणजे नव्या व्यवस्थेवर उमटलेली मोहोर होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

पुढच्या घडामोडींनी दौऱ्याचे चित्र अधिकच भपकेबाज केले. १८७६ च्या कायद्याने राणी सम्राज्ञी झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरला. संस्थानिकांनी दिलेल्या नजराण्यांची प्रदर्शने ब्रिटनमध्ये भरली, नंतर पॅरिसलाही. २०१७-१८ मध्ये ते नजराणे ब्रिटनमध्ये पुन्हा मांडण्यात आले. मुंबईत युवराजांच्या भेटीच्या स्मरणार्थ १८७९ मध्ये बसवलेला अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला गेला, तरी काळा घोडा हे नाव त्या चौकाला चिकटून राहिले. नजराणे आणि पुतळा यांच्याकडे अभ्यासकांचे जेवढे लक्ष गेले, तेवढे या रेखाटनांच्या वाट्याला आलेले नाही.