फिट कोणती, त्यावर गोळी ठरते

फिट येऊन गेलेल्या माणसाला स्वतःला बहुतेक वेळा काहीच आठवत नाही. म्हणून डॉक्टरांचे प्रश्न सोबत आलेल्यांना असतात. सुरुवात कशी झाली? मान एका बाजूला वळली का? झटके आधी एकाच हाताला आले की दोन्हींना? डोळे उघडे होते की मिटलेले? भान यायला किती वेळ लागला? ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढतातच, पण दोन फिट्सच्या मधल्या काळात तो अगदी नॉर्मल येऊ शकतो. तेवढ्यावरून अपस्मार, म्हणजे पुन्हापुन्हा फिट येण्याचा आजार, नाही असं म्हणता येत नाही. घरच्यांनी मोबाइलवर घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पुष्कळदा जास्त सांगून जातो. डोळ्यांचंच घ्या. अपस्माराच्या फिटमध्ये ते बहुधा उघडे असतात. सगळा वेळ घट्ट मिटलेले असतील, तर झटके मानसिक ताणातून आलेले असण्याची शक्यता तपासावी लागते, आणि तसं निघालं तर अपस्माराच्या गोळ्यांचा उपयोग नसतो.

एवढी चौकशी कशासाठी, तर औषध निवडण्यासाठी. एका प्रकारच्या फिटवर उत्तम चालणारी गोळी दुसऱ्या प्रकारच्या फिट वाढवू शकते.

मेंदूतल्या चेतापेशींचा मोठा गट एकाच वेळी, प्रमाणाबाहेर विद्युत संदेश सोडू लागला की फिट येते. हा उद्रेक मेंदूच्या एका भागात सुरू झाला तर ती फोकल फिट. दोन्ही बाजूंना एकदमच सुरू झाला तर जनरलाइज्ड. जुन्या कागदांवरचे ‘ग्रँड माल’, ‘पेटिट माल’ हे शब्द आता मागे पडले आहेत.

फोकल फिट कशी दिसेल हे उद्रेकाच्या जागेवर अवलंबून असतं. हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागात ती सुरू झाली तर अंगठ्यापासून झटके वर चढतात आणि माणूस पूर्ण भानावर असू शकतो. कानशिलामागच्या टेम्पोरल भागातली फिट वेगळी. पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखं वाटतं, उगाच भीती दाटते, किंवा समोरचा प्रसंग आधीच घडून गेल्याचा भास होतो. मग नजर थिजते, ओठ चाटणं, गिळणं, शर्टाच्या बटणाशी चाळा सुरू होतो. विचारलं तर उत्तर नाही. एक-दोन मिनिटांत संपतं. घरचे वर्षानुवर्षं याला ‘तंद्री’ म्हणतात. हाच उद्रेक दोन्ही बाजूंना पसरला तर अंग ताठ होऊन हातपाय झडतात. बघणाऱ्यांच्या लक्षात ही मोठी फिटच राहते, आधीचे काही सेकंद निसटतात आणि निदानही त्यांच्याबरोबर निसटतं.

भारतात फोकल फिटचं एक नेहमीचं कारण म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसणं. ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कसा?’ हा प्रश्न हमखास येतो. हा कृमी ज्याच्या आतड्यात आहे त्याच्या विष्ठेतली अंडी दूषित पाणी, न धुतलेली कोथिंबीर, मुळा, कोबी यांतून कुणाच्याही पोटात जातात, आणि मेंदूत पोचतात त्या याच अंड्यांतून निघालेल्या अळ्या. स्कॅनमध्ये असं काही दिसलं तर फिटच्या गोळीबरोबर अल्बेंडाझोल हे कृमिनाशक आणि सूज कमी ठेवणारं स्टेरॉइड द्यायचं का, हे गाठी किती आणि कोणत्या अवस्थेत आहेत यावर ठरतं.

फोकल फिटवर कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन, लिव्हेटिरासिटाम ही नेहमीची औषधं. यांतली पहिली तीन, आणि जुनी फेनिटॉइन, पेशीच्या पडद्यावरची सोडियमची दारं मिटलेल्या अवस्थेत जास्त वेळ धरून ठेवतात. त्यामुळे वेगाने, पुन्हापुन्हा संदेश सोडणारी पेशी मंदावते. सावकाश काम करणाऱ्या पेशीला फारसा फरक पडत नाही. लिव्हेटिरासिटामचा मार्ग निराळा: पेशीच्या टोकाशी रसायन सोडणाऱ्या पिशव्यांवरच्या एका प्रथिनाला ते चिकटतं.

आता जनरलाइज्ड प्रकार. यात मोठी फिट असतेच, पण चकवा देतात ते छोटे प्रकार. ॲबसेन्स फिट साधारण चार ते दहा वर्षांच्या मुलांत सुरू होते. बोलता-लिहिता मूल पाच-पंधरा सेकंद थांबतं, पापण्या फडफडतात, आणि काही झालंच नाही असं पुढे सुरू होतं. दिवसातून कितीतरी वेळा. शाळेतून ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार येते. दवाखान्यात मुलाला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला की बहुतेकदा डोळ्यांदेखत फिट येते, आणि ईईजीवर सेकंदाला तीन या गतीने काटेरी लाटा दिसतात. इथे एथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट लागतं. एथोसक्सिमाइड मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमधली कॅल्शियमची ठरावीक दारं अडवतं, पण मोठ्या फिटपासून ते संरक्षण देत नाही. आणि या मुलाला कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन दिलं तर फिट वाढू शकतात.

निदान सर्वांत जास्त चुकतं ते किशोरवयातल्या मायोक्लोनिक, म्हणजे स्नायू अचानक उडवणाऱ्या, अपस्माराचं. सकाळी उठल्यावर हात झटकन उडतो, चहाचा कप किंवा ब्रश हातून पडतो. मुलगा वेंधळा ठरतो. परीक्षेच्या जागरणानंतर किंवा लग्नघरात रात्र जागल्यावर पहिली मोठी फिट येते, तेव्हा सगळे दवाखान्यात धावतात, आणि सकाळच्या त्या झटक्यांबद्दल कुणी बोलत नाही, कारण कुणी विचारत नाही. कार्बामाझेपिन सुरू होतं. झटके वाढतात, मग डोस वाढतो, मग झटके आणखी वाढतात. व्हॅल्प्रोएट किंवा लिव्हेटिरासिटामवर हीच फिट सहसा चांगली आटोक्यात येते. झोप मात्र सांभाळावी लागते, आणि गोळी बंद केली तर फिट परतण्याची शक्यता मोठी असते.

तान्ह्या बाळाचं वेगळं सांगायला हवं. झोपेतून उठल्यावर बाळ पुन्हापुन्हा, ओळीने, मान आणि हातपाय आत ओढून दचकतं, घरात ‘पोटात दुखतंय’ म्हणून ग्राइप वॉटर दिलं जातं. हे इन्फंटाइल स्पाझम, म्हणजे तान्ह्या वयातल्या फिटचा एक प्रकार, असू शकतात. उपचार एसीटीएच या हार्मोनचा, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा किंवा व्हिगाबॅट्रिनचा, आणि इथे आठवड्यांचा उशीरही बाळाच्या वाढीला भोवतो.

औषध बरोबर निवडलं तरी डोसात घोटाळे होतात. फेनिटॉइन सर्वांत फसवं. ते पचवणारी यकृतातली यंत्रणा एका मर्यादेनंतर भरून जाते, म्हणून ३०० मिलिग्रॅमवरून थेट ४०० केल्यावर रक्तातलं प्रमाण थोडं नाही, दुप्पटसुद्धा होऊ शकतं. मग झोक जातो, एकाचे दोन दिसतात. या टप्प्यावर वाढ २५-३० मिलिग्रॅमची हवी. लॅमोट्रिजिन घाईने वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. मोठ्या माणसात २५ मिलिग्रॅमपासून आठवड्यांच्या हिशेबाने चढवतात, आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल तर सुरुवात दिवसाआड २५ने. कार्बामाझेपिन यकृताला हेच औषध जास्त वेगाने पचवायला शिकवतं, म्हणून काही आठवड्यांनी तोच डोस कमी पडू लागतो. गर्भनिरोधक गोळ्याही त्यामुळे निकामी होऊ शकतात. लिव्हेटिरासिटामवर चिडचिड वाढली तर ती ‘स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नये.

व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला शक्यतो देत नाहीत. गरोदरपणात ते घेतल्यास सुमारे १०० पैकी १० बाळांत जन्मजात दोष आढळतात, आणि ३० ते ४० मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी. पण दिवस राहिल्याचं कळताच गोळी आपणच बंद करणं हा त्याहून वाईट निर्णय: मोठी फिट आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकते. बदल आधी करायचा, फोलिक ॲसिड सुरू करून.

फिट चालू असताना माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, पाणी नको. कांदा-चप्पल हुंगवल्याने काही होत नाही, फिट आपली आपण थांबते म्हणून श्रेय त्यांना मिळतं. मोठी फिट पाच मिनिटांवर गेली तर मात्र ती आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते. तिथे फिट थांबवणाऱ्या मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा कामी येतो, किलोमागे साधारण ०.२ मिलिग्रॅम. नेमकी चूक इथेच होते: एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम असेल तर २० किलोच्या मुलाला आठ फवारे लागतात, चार एका नाकपुडीत, चार दुसऱ्या. घाबरलेली माणसं एकच मारून थांबतात. फवाऱ्यांची संख्या डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्यावी, आणि फवारा दिल्यावरही रुग्णालय गाठावं.

सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांच्या फिट गोळ्यांनी थांबतात. योग्य निवडलेली, पुरेशा डोसात दिलेली दोन औषधं अपयशी ठरली, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीने पूर्ण आराम पडण्याची शक्यता फारच थोडी उरते. त्या वेळी अपस्मार शस्त्रक्रियेची सोय असलेल्या केंद्रात तपासणी करून घ्यायची असते. टेम्पोरल भागातल्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागाला व्रण असेल तर तो काढल्यावर बऱ्याच जणांच्या फिट पूर्ण थांबतात. तरी आपल्याकडे रुग्ण तिथवर पोचतात ते बहुधा पंधरा-वीस वर्षं गोळ्या बदलून झाल्यावर.