ध्यानाने बरं वाटतं, पण कशाच्या तुलनेत?

गोळीची चाचणी घेताना अर्ध्या रुग्णांना तशीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. खोटं ध्यान कसं देणार? म्हणून बऱ्याच चाचण्यांत एका गटाला ध्यान शिकवतात आणि दुसऱ्याला ‘तुमचा वर्ग नंतर’ असं सांगून नुसतं थांबवतात. पहिल्या गटाला आठ आठवडे आस्थेने विचारपूस करणारा शिक्षक मिळतो, सोबत मिळते, रोजचा गृहपाठ मिळतो. त्यांना बरं वाटणारच! त्यात ध्यानाचा वाटा किती, हे मात्र कळत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने यावर तोडगा काढला. ध्यानवर्गाइतकेच तास, तसाच उत्साही शिक्षक, पण विषय व्यायाम, आहार आणि संगीत. २०१२ साली निकाल आला तेव्हा मानसिक त्रास दोन्ही गटांत कमी झाला होता आणि त्यात ध्यान काही पुढे नव्हतं.

अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये असे तुल्यबळ गट असलेल्याच चाचण्या निवडल्या. साडेअठरा हजारांहून अधिक नोंदी चाळून हाती लागल्या ४७ चाचण्या, ३,५१५ माणसं. चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्या कमी होतात, एवढं त्यातून दिसलं. औषध किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही.

‘थोड्या’ या शब्दाला नाक मुरडू नये. २०२२ च्या एका चाचणीत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांपैकी काहींना एस्सिटॅलोप्रॅम हे नेहमीचं औषध दिलं, काहींना ध्यान शिकवलं. आठ आठवड्यांनी आजाराची तीव्रता औषधाने १.४३ अंकांनी उतरली, ध्यानाने १.३५ अंकांनी. मोजणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. माझ्या मते ध्यानाच्या बाजूचा हा भक्कम पुरावा आहे. मात्र त्यासाठी आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज पाऊण तास बसणं होतं. मोबाइल ॲपवरची दहा मिनिटं नव्हेत.

‘आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते’ हा दावा मात्र आता जाहिरातींतून काढायला हरकत नाही. २०२२ मध्येच विस्कॉन्सिनच्या चमूने २१८ जणांचे मेंदू तपासले. तसा बदल आढळला नाही.

आणि गंभीर मानसिक आजारावर हाच उपाय म्हणून कुणी शिबिराला निघत असेल, तर इगतपुरीच्या परंपरेतल्या विपश्यना शिबिरांची नियमावली आधी वाचावी. विपश्यना हा वैद्यकीय किंवा मानसोपचारांना पर्याय नाही, असं तिथेच लिहिलेलं आहे.