बार ऐकू आला का?

पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे पावसाळ्यात निघालेल्या पोरांना वाटेत ही गोष्ट ऐकायला मिळतेच: विशाळगडावरून तोफांचे बार ऐकू येईपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड सोडायची नाही. 13 जुलै 1660 ची ही घटना. बार तीन की पाच, यावर पैज लावणारे कोल्हापुरात कमी नाहीत. मला मात्र त्यातली लष्करी सोय भारी वाटते. अर्थ आधीच ठरलेला, त्यामुळे शत्रूने ऐकला तरी बिघडत नाही. उणीव एकच, खिंडीतून उलट काही कळवायचे तर माणूसच धाडावा लागणार.

तारेने ही उणीव भरून काढली. 11 मे 1857 ला दिल्लीहून अंबाल्याला बंडाची तार गेली आणि पंजाबातले इंग्रज अधिकारी वेळीच सावध झाले. कोल्हापुरातली 27 वी पलटण उठली ती 31 जुलैला. तोवर इंग्रजांना धक्का बसायचे दिवस सरले होते. पुढे 15 फेब्रुवारी 1911 ला हिंदी सैन्यात सिग्नलचे, म्हणजे निरोपांच्या दळणवळणाचे, वेगळे दल उभे राहिले.

पण नवे आले म्हणून जुने सुटले नाही. एप्रिल 1945 मध्ये, वायरलेसच्या जमान्यात, इटलीतल्या सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा पलटणीचे नामदेव जाधव कंपनी रनर होते, म्हणजे पायी निरोप पोचवणारे.

स्वातंत्र्यानंतर 1954 मध्ये बंगळुरात भारत इलेक्ट्रॉनिक्स निघाली आणि देशी वायरलेस सेट बनू लागले. खरेदीचे घोडे मात्र अडतच राहिले. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे ऊन दोन्हींत चाचणी व्हायची, मग किमतीची घासाघीस. तोवर आतली चिप जुनी. रणभूमीवरच्या जवानापर्यंत नकाशा पोचवणारी 'बॅटलफील्ड मॅनेजमेंट सिस्टिम' तर 2018 च्या सुमारास गुंडाळलीच. उलट 3जीसाठी सैन्यदलांनी आपल्या रेडिओ लहरी (स्पेक्ट्रम) सोडल्या, त्या बदल्यात त्यांच्या फायबरच्या जाळ्याला 2012 मध्ये 13,334 कोटी मंजूर झाले. आपल्या मोबाइलवर व्हिडिओ पळू लागला, त्यात तोही एक वाटा.

आमच्या गल्लीत सिग्नलमधून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत. उमेदीत पाठीवर तारेचा ड्रम घेऊन लाइन टाकायची, तुटली की रात्री हाताने चाचपत तुटके टोक शोधायचे. सैन्याच्या नव्या 'संभव' मोबाइलची बातमी मी वाचून दाखवली: 5जी, कूटबद्ध बोलणे, सगळे. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि विचारले, "बॅटरी किती तास टिकतीय?"