तूप बंद करण्याआधी

इंदूरच्या मराठी घरात कुणाचं आतड्याचं ऑपरेशन झालं की पहिली गदा येते तुपावर. दाल-बाफले (डाळीबरोबरचे तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) बंद, तळलेला गराडू कंद बंद, सराफ्याच्या खाऊबाजाराचं नाव काढायचं नाही. काहींच्या बाबतीत हे योग्यच असतं. पण आधीच वजन उतरलेल्या कित्येकांची त्यात विनाकारण आबाळ होते, आणि ते पाहून जीव हळहळतो.

तुपात बुडवलेला बाफला पोटात गेला की पित्ताशयातून पित्तक्षार येतात. तूप पाण्यात मिसळत नाही. पित्तक्षार त्याचे अतिबारीक थेंब करतात, स्वादुपिंडाचा रस ते फोडतो आणि स्निग्धांश लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषला जातो. पित्तक्षार मात्र पुढे जातात. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात त्यातले सुमारे ९५ टक्के पुन्हा रक्तात घेतले जातात आणि यकृताकडे परततात. शरीरातला त्यांचा साठा जेमतेम २ ते ४ ग्रॅम. थोड्या भांडवलावर चालणाऱ्या दुकानासारखा तोच दिवसातून अनेकदा फिरतो.

क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) आणि आतड्याचा टीबी बहुतेकदा नेमका हाच शेवटचा भाग धरतात. तिथलं साधारण १०० सेंटीमीटरपेक्षा कमी आतडं काढलं असेल, तर यकृत जास्त पित्तक्षार बनवून तूट भरून काढतं. तूप बऱ्यापैकी पचतं, पण निसटलेले पित्तक्षार मोठ्या आतड्यात पाणी सुटायला लावतात. जेवण झालं की लगेच पाण्यासारखे जुलाब! यावर कोलेस्टिरामिनची पूड देतात. ती पित्तक्षारांना बांधून ठेवते. तूप थोडं कमी केल्यानंही काहींना आराम पडतो, पूर्ण बंदी सहसा लागत नाही.

त्याहून जास्त आतडं गेलं तर यकृताला तूट झेपत नाही. मग शौच फिकट, चिकट, तेलकट होते, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडतात. इथं तीच पूड उलट त्रास वाढवते. स्निग्ध पदार्थ कमी करावे लागतात आणि डॉक्टर एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीच्या स्निग्धांशाचं) तेल सुचवू शकतात. ते पित्तक्षारांवर फारसं अवलंबून न राहता थेट रक्तात जातं. मोठं आतडं शाबूत असेल तर पालकही बेतानं खावा. न पचलेला स्निग्धांश कॅल्शियमला धरून ठेवतो, त्यामुळे एरवी कॅल्शियमशी बांधलं जाणारं पालकातलं ऑक्झलेट मोकळं राहून शोषलं जातं आणि मूत्रपिंडात खडे होतात.

म्हणून किती सेंटीमीटर आतडं काढलं, हे ऑपरेशनच्या कागदावर बघा, नसेल तर सर्जनना विचारून लिहून घ्या. बी-१२ही त्याच शेवटच्या भागात शोषलं जातं, तेव्हा त्याची तपासणी आणि गरज पडल्यास इंजेक्शन, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावं.