कपाटामागची ओल आणि हवेतलं न दिसणारं पाणी

गेल्या वर्षी साफसफाईच्या वेळी बेडरूममधलं मोठं कपाट भिंतीपासून पुढे ओढलं आणि मागे बघितलं तर कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंतीवर काळपट हिरवे ठिपके, कपाटाच्या मागच्या प्लायवर पण तेच, आणि खालच्या कप्प्यात ठेवलेली चामड्याची बॅग पांढऱ्या बुरशीने माखलेली. दार उघडलं की जो कुबट वास यायचा तो कुठून येत होता ते तेव्हा कळलं. मला सरळ वाटलं की वरच्या फ्लॅटचं लीकेज आहे, मी वर जाऊन तसं बोललोही, त्यांनी बिचाऱ्यांनी प्लंबर बोलावून बाथरूमची एक टाईल उकरून बघितली आणि काहीच निघालं नाही.

निघणार कुठून, लीकेज नव्हतंच. ते पाणी आमच्याच खोलीतल्या हवेतलं होतं. हे ज्या टेस्टने कळलं ती इतकी सोपी आहे की वरच्यांशी बोलायच्या आधी ती केली असती तर त्यांची टाईल वाचली असती, म्हणून आधी तीच सांगतो. भिंतीचा ओला भाग कोरड्या कपड्याने नीट पुसायचा, त्यावर वहीच्या पानाएवढा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा लावायचा आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करायच्या, कुठूनही हवा जाता कामा नये. दोन दिवसांनी बघायचं. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते भिंतीतून येतंय, म्हणजे लीकेज किंवा बाहेरून झिरपणं. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ते हवेतून येऊन तिथे बसलंय. आमच्या फॉइलवर सकाळी खोलीकडून बारीक बारीक थेंब होते आणि मागची बाजू कोरडी ठणठणीत.

अजून एक खूण आहे. भिंतीतून झिरपणारं पाणी येताना सिमेंट-विटांमधले क्षार विरघळवून आणतं, बाहेर आल्यावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात, त्यालाच आपण भिंतीला लोणा आला म्हणतो. रंग फुगतो, पोपडे निघतात. हवेतली वाफ भिंतीवर बसते तेव्हा त्या पाण्यात क्षार नसतातच, त्यामुळे तिथे सहसा लोणा दिसत नाही, दिसते ती बुरशी, आणि तीही कोपऱ्यात, कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी, म्हणजे जिथे हवा खेळत नाही तिथे.

आता हवेतलं पाणी भिंतीवर का बसतं ते बघू, कारण हे एकदा कळलं की घरातल्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात. एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त किती वाफ मावेल हे तापमानावर ठरतं. १० अंश सेल्सिअसला साधारण ९.४ ग्रॅम, २० अंशाला १७.३ ग्रॅम आणि ३० अंशाला ३०.४ ग्रॅम. म्हणजे तापमान १० अंशांनी वाढलं की मावणारी वाफ पावणेदोन ते दोन पट होते. आणि आपण जी आर्द्रता टक्क्यांत बोलतो ती म्हणजे मावू शकते त्यातली किती भरली आहे एवढंच. त्यामुळे हवेत पाणी तेवढंच राहिलं आणि हवा नुसती गार झाली तरी टक्केवारी चढते.

समजा खोलीत २५ अंश तापमान आहे आणि आर्द्रता ६० टक्के, म्हणजे काही वाईट नाही, कोणालाही ठीकच वाटेल. पण कपाटामागची भिंत जर २० अंशांवर असेल तर त्या भिंतीला चिकटून असलेल्या हवेत आर्द्रता होते ८० टक्के. हवेत पाणी तेवढंच आहे, फक्त जागा गार आहे. आणि ८० टक्क्यांच्या वर पृष्ठभागावरची आर्द्रता बराच काळ राहिली की बुरशीला वाढायला तेवढं पुरतं, थेंब दिसायची गरज नाही. म्हणून फॉइलच्या दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या तरी बुरशी हवेतल्या ओलीचीच असू शकते, हे लक्षात ठेवा. भिंत अजून गार होऊन १७ अंशांच्या खाली गेली तर मग खरंच थेंब बसायला लागतात, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात आणि गवतावर पहाटे दव पडतं ते याच हिशोबाने.

पण कपाटामागची भिंतच गार का? कारण कपाट हे भिंतीवर घातलेल्या गोधडीसारखं काम करतं, खोलीतली ऊब भिंतीपर्यंत पोचू देत नाही. वाफ मात्र फटींमधून आरामात पोचते. बाहेरची भिंत असेल तर ती रात्री थंड होते, आणि फ्लॅटमध्ये अजून एक गंमत असते जी स्वतंत्र घरात नसते, ती म्हणजे भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांचा एसी चालू असेल तर आपल्या बाजूने तीच भिंत गार पडते आणि आपल्या खोलीतली दमट हवा तिच्यावर ओल सोडते. दोष कोणाचाच नसतो पण बुरशी येते. त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे, कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ठेवा आणि शक्य असेल तर बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीला लावा. कपाट गच्च भरू नका, आतही हवेला वाट हवी. त्या छोट्या सिलिका जेलच्या पुड्यांवर मात्र विसंबू नका. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण ४० टक्क्यांपर्यंतच पाणी शोषतं, म्हणजे ५ ग्रॅमची पुडी जास्तीत जास्त २ ग्रॅम, आणि कपाटात फटींमधून नवी वाफ सारखी येतच असते. बंद डब्यात कॅमेरा ठेवायला ती पुडी छान आहे, कपाटाला नाही.

मग एवढी वाफ घरात येते कुठून? मी हिशोब मांडला तेव्हा मलाच धक्का बसला. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण २८ घनमीटर. २५ अंशाला या अख्ख्या खोलीच्या हवेत १०० टक्के भरली तरी वाफ मावते साधारण ६५० ग्रॅम, म्हणजे पाऊण लिटरही नाही. आणि ५ किलो कपडे मशीनमधून स्पिन होऊन निघतात तेव्हा त्यांच्यात बऱ्याचदा दोन-अडीच लिटर पाणी शिल्लक असतं. ते कपडे बंद खोलीत स्टँडवर वाळवले की ते सगळं पाणी त्याच हवेत जातं, म्हणजे खोलीत मावेल त्याच्या तिप्पट-चौपट. उरलेलं जाणार कुठे, गाद्या, पडदे, पुस्तकं, भिंती. आम्ही नेमके त्याच बेडरूममध्ये दार लावून कपडे वाळत घालायचो.

बाकीचे स्रोत पण कमी नाहीत. दोन माणसं रात्रभर दार-खिडक्या लावून झोपली तर श्वास आणि त्वचेतून मिळून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. स्वयंपाकाची वाफ दिसते तरी, पण गॅस जळतानाच पाणी तयार होतं हे पटकन लक्षात येत नाही. सिलिंडरच्या गॅसमधला प्रोपेन किंवा ब्युटेन जळतो तेव्हा त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि एक किलो गॅस जळून साधारण दीड किलोच्या वर पाण्याची वाफ तयार होते. भांड्यातून निघते ती वेगळीच. म्हणून शेगडी पेटवली की एक्झॉस्ट लावायचा तो फक्त धूर-वासासाठी नाही, आणि भांड्यावर झाकण ठेवलं तर गॅसही वाचतो आणि ओलही.

खिडकी उघडायची का नाही, यावर घराघरात वाद असतात आणि दोन्ही बाजू कधी ना कधी बरोबर असतात. नियम सोपा आहे, टक्के बघू नका, पाण्याचे ग्रॅम बघा. बाहेर १० अंशांची थंडी आणि आर्द्रता ९० टक्के, ऐकायला दमट वाटतं, पण त्या हवेत घनमीटरला जेमतेम साडेआठ ग्रॅम पाणी आहे, ती घरात येऊन २५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता उतरते साधारण ३५ टक्क्यांवर. म्हणजे अशा वेळी समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं सताड उघडल्या की घर कोरडं होतं, आणि एवढ्या वेळात भिंती काही गार होत नाहीत. याउलट बाहेर ३० अंश आणि ८० टक्के असेल तर त्या हवेत २४ ग्रॅमच्या वर पाणी आहे, आणि आत एसीने २५ अंश केलेल्या खोलीत मावतं जास्तीत जास्त २३. तेव्हा खिडकी उघडली की ओल सरळ गार भिंतींवर बसणार. अशा दिवसांत एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर हाच मार्ग, त्याच्या नळीतून टपकणारं पाणी म्हणजे तुमच्या हवेतून काढलेलं पाणीच आहे.

कपड्यांचं थोडं अजून. आत वाळवलेल्या कपड्यांना जो आंबूस वास येतो त्याचा माग जपानी संशोधकांनी २०१२ साली लावला, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा एक जीवाणू धुतल्यावरही कपड्यात टिकून राहतो आणि ओल राहिली की वाढताना वासाचं आम्ल तयार करतो. म्हणजे वास साबण कमी पडल्यामुळे येतो असं नाही, कपडे वाळायला वेळ लागला म्हणून येतो. जास्त सुगंधी लिक्विड घालण्यापेक्षा जास्तीचा एक स्पिन द्या, दोन कपड्यांत हाताची पालथी मूठ जाईल एवढं अंतर ठेवा आणि टेबल फॅन त्यांच्यावर सोडा. ओल्या कापडाला लगटून दमट हवेचा एक पातळ थर बसलेला असतो, पंखा तो थर हलवतो म्हणून वाळणं झपाट्याने होतं. पण पंखा ओल नुसती हलवतो, घराबाहेर काढत नाही, त्यामुळे त्याला खिडकीची किंवा एक्झॉस्टची जोड पाहिजेच. मला विचाराल तर बाथरूममध्ये एक्झॉस्ट चालू ठेवून कपडे वाळवणं बेडरूमपेक्षा कधीही चांगलं.

बाथरूमच्या एक्झॉस्टबद्दल एकच सांगायचंय, तो बाहेर फेकतो तेवढी हवा आत यायला वाट लागते. दाराखाली फट नसेल आणि खिडकीही बंद असेल तर पंखा नुसता घोंघावतो. दाराखाली बोटभर फट ठेवा आणि आंघोळीनंतर वीसेक मिनिटं चालू राहू द्या, कारण ओल्या टाईलवरचं पाणी तेव्हाच उडत असतं. त्याआधी वायपरने टाईल निथळून घेतल्या तर ते पाणी हवेत न जाता सरळ जाळीत जातं.

जाळीवरून आठवलं, घरात एकच जागा अशी आहे जिथे पाणी असलंच पाहिजे. बेसिनखालचा पाईप वाकडा का असतो? त्या वाकात कायम थोडं पाणी साठून राहतं आणि गटाराकडचा वायू वर येऊ देत नाही. ही कल्पना संडासासाठी अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली पेटंट केली. वापरात नसलेल्या बाथरूममधलं हे पाणी काही आठवड्यांत उडून जातं आणि मग अख्ख्या घरात वास सुटतो, लोक फिनेल ओतत बसतात. नुसतं मगभर पाणी ओता. बाहेरगावी जाताना वरून चमचाभर खाण्याचं तेल सोडलं तर पाण्यावर तवंग राहतो आणि ते लवकर उडत नाही.

आता आलेली बुरशी काढायची कशी. कोरडी घासू नका, तिचे बीजाणू काही मायक्रॉनचे असतात आणि खोलीभर उडतात. मास्क आणि हातमोजे घाला, खिडकी उघडा, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कपड्याने पुसा, कापड फेकून द्या आणि भिंत पंख्याने पूर्ण वाळवा. टाईलसारख्या गुळगुळीत जागी पातळ ब्लीच चालतं, पण प्लास्टर आणि लाकडात ते खोल शिरत नाही, वरचा डाग जातो आणि आतली मुळं राहतात. आणि हे मात्र अगदी कळकळीने सांगतो, ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र कधीही वापरू नका, व्हिनेगरही नाही. ॲसिड पडलं की ब्लीचमधून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसं जाळतो. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरबरोबर ब्लीच मिसळलं तर क्लोरामाईन होतात, तेही विषारीच. एका दिवशी एकच वापरा, मध्ये भरपूर पाणी.

हे सगळं अंदाजाने करण्यापेक्षा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, घ्या. पूर्वी हे काम माणसाच्या केसाने व्हायचं, १७८३ मध्ये द सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने केसाचा हायग्रोमीटर मांडला, कारण पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेल्यावर केस साधारण अडीच टक्के लांब होतो. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवायची हे धोरण, ५० च्या आसपास आलं तर गादीतले धुळीचे किडेही कमी होतात, ते पाणी पीत नाहीत, हवेतूनच शोषतात.

आमचा मीटर मी खोलीच्या मध्ये न ठेवता कपाटाच्या मागे ठेवला. पहिल्या सकाळी खोलीत ५८ आणि कपाटामागे ७९. कपाट चार इंच पुढे घेतलं, कपडे वाळवायचा स्टँड तिथून हलवला, झोपायच्या आधी दार थोडं उघडं ठेवायला लागलो. पंधरा दिवसांनी मागचा आकडा ६४ वर आला, आणि तो फोनवर फोटो काढून मी वरच्यांना दाखवायला घेऊन गेलो, त्यांच्या टाईलचा खर्चही त्याच दिवशी देऊन आलो.